'रेकग्निशन'ला मान्यता म्हणावं की दाद?

प्रश्न (सांगली): एका लेखाचं मराठी करताना अडलोय. जर्मन तत्त्वज्ञ अ‍ॅक्सेल होनेथने १९९२च्या पुस्तकात मांडलं की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटायला तीन गोष्टी लागतात: जवळच्यांची माया, कायद्याचे हक्क, आणि आपल्या कामाचा समाजात मान. तिन्हींना त्याचा शब्द एकच, इंग्रजीत 'रेकग्निशन'. कोशात 'मान्यता' आहे, पण 'आईची मान्यता' म्हटलं की लग्नाला होकार मिळाल्यासारखं वाटतं!

मिरजेहून: मान्यता वरून खाली येते. शाळेला सरकारची, युनियनला कायद्याची. कामाचं तसं नाही. क्रिस्तॉफ दजूर हा फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ कामाची पारख दोन तऱ्हांची सांगतो: उपयोगाची, जी साहेब किंवा गिऱ्हाईक करतं, आणि देखणेपणाची, जी त्याच धंद्यातला माणूसच करू शकतो. आमच्याकडे सतार घेणारा म्हणतो, "गोड वाजते." जवारी (घोडी घासून तारेला आणलेला झणकार) कशी काढलीय ते मात्र शेजारचा कारागीर तार छेडून सांगणार. त्यानं मान हलवली की झालं. याला मी 'दाद' म्हणेन. शिवाय दाद मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून मैफलीत दाद देतात आणि कोर्टात दाद मागतात. होनेथच्या मते मान नाकारला गेला की लढा उभा राहतो. हे दोन्ही टोकं एकाच शब्दात आली की नाही?

वाळव्याहून: दादा, शब्द झकास आहे, पण दाद मागायला आधी खिजगणतीत असावं लागतं. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. तोडणारी दोघं, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवायला बाईही, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. तिचं नाव मुकादमाच्या वहीत शोधून दाखवा. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझरने होनेथशी २००३च्या पुस्तकात याच अंगाने वाद घातलाय: वाटपाचा प्रश्न नुसत्या मानात विरघळत नाही. सत्काराच्या नारळाने उचल फिटते का?

मिरजेहून: ताई, पटलं. तरी 'कोयता' हा हिशेबाचा शब्दच तिला गिळतो, म्हणजे मानाचा प्रश्न पैशाच्या आतच बसलाय.

प्रश्नकर्ता: हक्कांच्या भागात मान्यता ठेवतो, कामाच्या भागात दाद. आईच्या मायेचं अजून अडलंय.