संदेश वचनातून व्हावा! (आणि टँकरचे 150 रुपये)

ग्रुप: आपली कॉलनी, जालना

साळवे सर: सर्वांना सलाम. काल उपासनेनंतर जाहीर झालं की आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चारही रविवार संदेश कॅरलवर, नाताळच्या गाण्यांवर होणार. एका रविवारी एक गाणं. कुणाला विचारून ठरलं? वचन म्हणजे बायबल, गाणं नव्हे. संदेश वचनातून व्हावा.

भालेराव (सेक्रेटरी): सर, हा कॉलनीचा ग्रुप आहे. मंडळीचा ग्रुप वेगळा. टँकर गुरुवारी येईल, प्रत्येक घराचे 150 रु.

साळवे सर: त्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात. कधीपासून आणि का, ते सगळ्यांना माहीत आहे.

सॅमी: कीबोर्ड प्रकरण 😂

एस्तेरमावशी: सॅम्या, गप बस. मिटलंय ते.

साळवे सर: मिटलेलं नाही. बिल माझ्याकडं आहे.

रूथ टीचर: सर, आदरानं सांगते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांतच चार गीतं आहेत. मरीयेचं, जखऱ्याचं, देवदूतांचं, शिमोनाचं. लूकनं नाताळची गोष्ट सांगताना गाणी घेतली, मग पाळकसाहेबांनी घेतली तर बिघडलं कुठं?

साळवे सर: ती गीतं वचनात आहेत, टीचर. ही माणसांनी रचलेली. ‘हार्क द हेरल्ड’ घ्या. वेस्लींनी 1739 मध्ये लिहिलं तेव्हा पहिली ओळच वेगळी होती, नंतर व्हाइटफील्डनी बदलली. चाल मेंडेलसोनची, 1840 ची, ती छपाईच्या शोधाच्या उत्सवासाठी केलेली. शंभर हात फिरलेल्या गाण्यावर अर्धा तास संदेश? वचनातली एक काना-मात्रा बदलून दाखवा मला.

सॅमी: सर, तुम्हाला एवढं पाठ आहे तर पहिला रविवार तुम्हीच घ्या ना 🙏

साळवे सर: चेष्टा नको. संदेश वचनातून व्हावा.

रूथ टीचर: पाळकसाहेब गाणं घेऊन वचनाकडंच नेणार आहेत. संडे स्कूलमध्ये विचारा, मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, किती आले होते? सगळी पोरं ओरडतात, तीन! मत्तय 2 मध्ये आकडा नाही, राजे नाहीत, आणि गव्हाणीही नाही, ते घरात गेले असं लिहिलंय. देणग्या तीन, सोने, ऊद, गंधरस, त्यावरून आपण माणसं तीन केली आणि ‘वी थ्री किंग्ज’ म्हणून म्हणून ती पक्की झाली. चूक गाण्यातून बसली असेल तर गाण्यातच बोट ठेवून काढावी लागते.

डेव्हिड (बी-7): मग मागच्या वर्षी माझ्या पोराला नाटकातून कामून काढलं? “राजे तीनच असतात” असं सांगितलं होतं. इथं तर आकडाच नाही म्हणायलेत!

रूथ टीचर: डेव्हिडभाऊ, तो तालमीला आला नव्हता.

डेव्हिड (बी-7): कामून आला नव्हता ते बी लिहा. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, अकरा दिवसांनी. पाणी कुणी भरायचं?

भालेराव (सेक्रेटरी): पाण्यावरून आठवलं. टँकर गुरुवारी. 150 रु. सहा घरं बाकी आहेत.

साळवे सर: मूळ मुद्दा बाजूला पडतोय. संदेश वचनातून व्हावा.

रूथ टीचर: ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ लिहिणारे ब्रुक्स स्वतः पाळकच होते, सर. 1865 मध्ये बेथलेहेमला जाऊन आले आणि 1868 मध्ये संडे स्कूलच्या मुलांसाठी ते लिहिलं.

एस्तेरमावशी: मला लहानपणी वाटायचं ते आपल्या बेथेलचंच गाणं आहे. रेव्हरंड शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल गाव, इथं जालन्याजवळचं. म्हटलं येशू इथंच जन्मला, अन् आई रोज सांगत कशी नाही! मग बर्फाचं गाणं आलं तवा डोक्यात घोळ झाला. जालन्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडं.

सॅमी: “जालना सोने का पालना” म्हणतात, अन् बाळ गव्हाणीत 😄

एस्तेरमावशी: हसू नको. तेच सांगायचंय संदेशात. ‘सायलेंट नाइट’ म्हणजे पाळणाच की रे. आपल्या बायांना पाळणा समजतो, सांगायला नाही लागत.

सॅमी: अन् ते 1818 ला ऑस्ट्रियात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा साथीला गिटार होती. म्हणजे कीबोर्ड नसला तरी चालतं, साळवे सर.

साळवे सर: तुमच्या युवक संघानं नेला तेव्हा तो चालू होता.

जाधव आबा: मी तुमच्या मंडळीतला नाही, तरी बोलतो. माफी असावी. आमच्याकडं बुवा एक अभंग घेतो अन् त्याच्यावर दोन तास निरूपण करतो. कुणी म्हणत नाही गाणं कामून घेतलं. पण प्रमाण द्यावं लागतं. ज्ञानोबा काय म्हणतात, तुकोबा काय म्हणतात. प्रमाण नसलं की मागं उभे टाळकरीच कुजबुजायला लागतात, मग बुवाचं काही खरं नाही.

रूथ टीचर: आबा, अगदी हेच! रेव्हरंड टिळकांनीही अभंग आणि ओवीच हाताशी घेतली.

साळवे सर: टिळक टिळक होते.

साळवे सर: आणि आबांनी प्रमाणाचं म्हटलं म्हणून सांगतो. चौथ्या रविवारचं ‘जॉय टू द वर्ल्ड’ हे मुळात नाताळचं गाणंच नाही. त्यात मेंढपाळ नाहीत, गव्हाणी नाही. आयझॅक वॉट्सनी 1719 मध्ये स्तोत्र 98 वरून रचलं. प्रभू राज्य करायला येतो, त्याचं आहे ते.

रूथ टीचर: म्हणजे वचनातूनच आलं ना, सर?

सॅमी: साळवे सर टाइप करत आहेत…

सॅमी: अजून टाइप करत आहेत…

जाधव आबा: टाळकऱ्यालाच प्रमाण सापडलं म्हणायचं.

भालेराव (सेक्रेटरी): टँकर गुरुवारी. 150 रु. आता शेवटचं सांगतोय.

एस्तेरमावशी: अगं बाई, पाळकीणबाई या ग्रुपवर आहेत हे ध्यानात आहे ना सगळ्यांच्या?

साळवे सर: हा संदेश डिलीट केला गेला

पाळकीणबाई: सर्वांना सलाम. सकाळपासून वाचतेय, यांनाही वाचून दाखवलं. साळवे सर, चौथ्या रविवारी स्तोत्र 98 तुम्हीच वाचावं आणि ते गाणं कशावरून आलं हे संदेशाआधी पाच मिनिटं सांगावं, असं हे म्हणतात. भालेराव भाऊ, आमचे 150 कालच दिलेत.

साळवे सर: वाचन करतो. पाच मिनिटांत होणार नाही, दहा लागतील. संदेश मात्र वचनातून व्हावा.

डेव्हिड (बी-7): चौथ्या राजाचं काय ठरलं?