मदत हवी आहे: युरोपात ट्रक चालवताना रस्त्यात झालेला दंड, न कळता केलेल्या सह्या आणि पगारातून कापलेले ६०० युरो

नमस्कार मंडळी,

मी माणदेशातला. सहा वर्षं सौदीत ट्रेलर चालवला, दीड वर्षापूर्वी लिथुआनियातल्या एका कंपनीत लागलो. गाडी मात्र लिथुआनियात क्वचितच असते. जर्मनी, इटली, फ्रान्स, बेल्जियम असाच फेरा. आत्ता व्हेरोनाजवळच्या पार्किंगमध्ये २४ तासांची छोटी सुट्टी चालू आहे, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. इथे जर्मनीत राहणारे, कायदा जाणणारे आणि आमच्यासारखे स्टिअरिंगवरचेही बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो.

ज्यांना इकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीत टॅको असतो, म्हणजे टॅकोग्राफ. त्यात आपलं कार्ड घालायचं. चाक फिरलं की मिनिट न मिनिट नोंदलं जातं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतात. रात्रीची विश्रांती ११ तास, काही दिवस ९. नियम चांगला आहे, मनापासून सांगतो. सौदीत सलग चौदा-पंधरा तास चालवून डोळा लागलेले सोबती मी पाहिलेत. म्हणून नियमाविरुद्ध माझी तक्रारच नाही.

पहिला प्रसंग मार्चातला. जर्मनीत ए२ महामार्गावर हॅनोव्हरच्या पुढे अपघातामुळे दोन तास गाड्या जागेवर उभ्या. त्या आठवड्याचे १० तासांचे दोन्ही दिवस वापरून झाले होते, त्यामुळे ९ तासांत थांबायलाच हवं होतं. पहिलं पार्किंग भरलेलं, दुसरं भरलेलं, तिसऱ्यात आत येण्याच्या रस्त्यावरसुद्धा गाड्या लावलेल्या. ज्यांनी तो रस्ता संध्याकाळी सहानंतर पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी एका पेट्रोल पंपामागे जागा मिळाली तेव्हा ९ तास ४१ मिनिटं झाली होती. मी टॅकोमधून चिठ्ठी काढली आणि जपून ठेवली. तिच्यावर काही लिहायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका गोदामात रात्री विश्रांती चालू असताना तिथल्या माणसाने काच वाजवली. रॅम्प रिकामा कर म्हणाला. गाडी जेमतेम दोनशे मीटर हलवली, पण टॅकोच्या हिशेबाने विश्रांती तुटली.

आठ दिवसांनी ए३ वर तपासणीला घेतलं. अधिकारी सभ्य होता, आवाजसुद्धा चढवला नाही. त्याने दोन्ही गोष्टी काढल्या. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचंही तसंच. पार्किंग नव्हतं हे मी तीनदा सांगितलं. त्याने पाच-सहा कागद पुढे केले, सगळे जर्मन. मी सह्या केल्या. १५० युरोच्या आसपास माझ्या कार्डावरून घेतले, पावती दिली. कंपनीकडून वेगळी रक्कम मागितली, ती डिस्पॅचरने, म्हणजे कंपनीत बसून फेऱ्या ठरवणाऱ्याने, फोनवर भरली. तोवर गाडी हलू दिली नाही.

पुढच्या पगारात ६०० युरो कमी. विचारलं तर उत्तर आलं, तुझ्यामुळे कंपनीला झालेला दंड. ज्या दिवशी पार्किंग मिळत नव्हतं त्या दिवशी याच डिस्पॅचरचे मेसेज माझ्याकडे आहेत, सकाळी सहाला माल उतरलाच पाहिजे म्हणून.

दुसरा प्रसंग गेल्या आठवड्यातला. ब्रेनर घाट उतरून इटलीत आलो आणि ए२२ महामार्गावर पोलिसांनी बाजूला घेतलं. आता मागच्या ५६ दिवसांची नोंद दाखवावी लागते, पूर्वी २८ होती. त्यातले ३५ दिवस मी गावी होतो, आईच्या ऑपरेशनसाठी. परत आल्यावर कार्ड घालताना मी ते सगळे दिवस हाताने भरले होते, बिछान्याचं चिन्ह निवडून, विश्रांती म्हणून. ते टॅकोवर स्वच्छ दिसत होतं. तरी अधिकारी म्हणाला की सुट्टीवर होतो असा कंपनीच्या सहीचा कागद हवा, नाहीतर दंड. ३०० युरोच्या वर भरले. घरच्या हिशेबाने ३० हजार रुपये. त्या रात्री घरी फोन केला नाही, काय सांगणार?

माझे प्रश्न:

जर्मनीत मी नेमक्या कशावर सही केली? ती केस संपली की अजून काही करता येतं?

सुट्टीच्या कागदासाठी इटलीत घेतलेला दंड बरोबर होता का?

कंपनीला झालेला दंड माझ्या पगारातून कापता येतो का?

माझ्यासोबत आटपाडीकडची दोन पोरं आहेत, पंचविशीतली, नुकतीच आलेली. कर्ज काढून आलीत. गणवेश दिसला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. निदान त्यांच्यासाठी तरी नीट समजून घ्यायचंय. पावत्यांचे फोटो आहेत, नाव झाकून टाकू शकतो.

प्रतिसाद, श्टुटगार्टहून

दादा, आधी जर्मनीचं बघू, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे. तुमच्याकडून घेतले ते बहुधा दंड म्हणून नव्हेत. पावतीवर 'झिशरहाइट्सलाइस्टुंग' असा लांबलचक शब्द आहे का बघा. म्हणजे अनामत. परदेशात राहणाऱ्याकडून अपेक्षित दंड आणि खर्च आधीच जमा करून घेतात. खरा आदेश, 'बुसगेल्डबेशाइड', नंतर निघतो आणि त्यावर हरकत घेता येते. हरकतीला 'आइनश्प्रुख' म्हणतात, मुदत आदेश पोचल्यापासून दोन आठवडे.

आता कळीची गोष्ट. तुम्ही सह्या केलेल्यांपैकी एका कागदाने तुमच्या वतीने टपाल घ्यायला जर्मनीतला कुणीतरी माणूस नेमला गेला असणार. आदेश त्याच्या हातात पडला की तुम्हाला पोचला असंच धरतात. कंपनीच्या पत्त्यावर पत्र यायची वाट पाहत बसू नका. त्या कागदावर त्याचं नाव आणि पत्ता शोधा.

४१ मिनिटांबद्दल: गाडी चालवण्याच्या वेळांचा युरोपीय नियम ५६१/२००६, कलम १२. सुरक्षितपणे थांबायला जागा मिळेपर्यंत वेळ ओलांडता येते, पण कारण चिठ्ठीवर हाताने लिहायचं, उशिरात उशिरा त्या जागेवर पोचल्याबरोबर. तुमची चिठ्ठी कोरी राहिली, हा कच्चा दुवा आहे, खोटा धीर देत नाही. तरी अपघाताची बातमी, डिस्पॅचरचे मेसेज आणि चिठ्ठीवरची वेळ हे सगळं हरकतीला जोडा. रॅम्पवरून गाडी हलवण्याबद्दल युरोपीय आयोगाची मार्गदर्शक टीप आहे, क्रमांक ३. अचानक उठवलं गेलं तर तेही चिठ्ठीवर लिहून जमलं तर गोदामाचा शिक्का घ्यायचा असतो.

प्रतिसाद, पोलंडमधल्या कंपनीचा ड्रायव्हर, मूळ नांदेड

भाऊ, इटलीत तुमच्यावर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. टॅकोचा नियम १६५/२०१४, कलम ३४ स्पष्ट आहे. गाडीपासून दूर असलेल्या काळासाठी कोणत्याही देशाने ड्रायव्हरकडे फॉर्म मागायचा नाही. हाताने केलेली नोंद पुरेशी. मी ते कलम इटालियन, जर्मन, फ्रेंच तिन्ही भाषांत छापून लॅमिनेट करून केबिनमध्ये ठेवलंय. युरोपचे कायदे सगळ्या भाषांत फुकट उतरवून घेता येतात. दोनदा नुसता कागद दाखवून सुटलोय.

पण एक वाईट बातमी. इटलीत कमी केलेली रक्कम जागेवर भरली की अपील संपतं. परदेशी नंबरच्या गाडीला तिथे दुसरा मार्ग असतो, 'काउत्सिओने', म्हणजे अनामत. पैसे तेवढेच जातात, पण ६० दिवसांत प्रिफेक्टकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, किंवा ३० दिवसांत 'जुदिचे दि पाचे'कडे, म्हणजे छोट्या खटल्यांच्या न्यायाधीशाकडे, दाद मागता येते. फ्रान्समध्ये त्यालाच 'कोंसिन्यासिओं' म्हणतात. त्या दोन पोरांना हे दोन आणि वरचा जर्मन असे तीन शब्द पाठ करायला लावा. पैसे काढायच्या आधी विचारायचं, हा दंड की अनामत? आणि पावतीशिवाय एक सेंटही नाही.

इटलीचं प्रकरण कंपनीने मनावर घेतलं तर सॉल्विट या युरोपीय तक्रार सेवेकडे नेता येईल. युरोपीय नियम चुकीचे लावले की तिथे फुकट तक्रार घेतात. तुमची कंपनी घेईल मनावर?

प्रतिसाद, पुण्याहून, कामगार कायद्याचं काम करते

पगाराबद्दल लिहिते. त्याच ५६१/२००६ च्या कलम १० मध्ये कंपनीवर जबाबदारी टाकली आहे, ड्रायव्हरने चूक परदेशात केली असली तरीही. फेऱ्या अशा आखायच्या की वेळ पाळता यावी, हे कंपनीचं काम. जर्मनीत ड्रायव्हरला आणि मालकाला वेगवेगळा दंड होतो. तुमचा वाटा तुम्ही भरलात. मालकाचा वाटा पुन्हा तुमच्या पगारातून घेणं मला अजिबात मान्य नाही आणि याविरुद्ध दाद मागायला हवी.

लिथुआनियात कामगार निरीक्षकाच्या कार्यालयाकडे कामगार तंटा समिती असते. अर्जाला फी नाही. मुदत तीन महिने, तुम्हाला कपात कळली त्या दिवसापासून. पगाराची स्लिप, करार आणि ते मेसेज ताबडतोब स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. फोन कंपनीचा असेल तर आजच. आणि आधी कंपनीला लेखी विचारा की ६०० युरो कोणत्या आदेशाचे, त्याची प्रत द्या.

विल्निअसला आपला दूतावास आहे. केस ते लढवणार नाहीत, पण तुमची तक्रार परदेशातल्या भारतीयांसाठीच्या सरकारी 'मदद' पोर्टलवर नोंदलेली असू द्या. जर्मनीत 'फेअरे मोबिलितेत' नावाचा तिथल्या कामगार संघटनांचा सल्ला उपक्रम आहे, त्यांची माणसं पार्किंगमध्ये येऊन ड्रायव्हरांशी बोलतात. २०२३ मध्ये डार्मश्टाटजवळ ग्रेफेनहाउझेनच्या पार्किंगमध्ये जॉर्जिया, उझबेकिस्तानच्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या ठेवल्या आणि पैसे वसूल केले. तीही तुमच्यासारखीच बाहेरून आलेली माणसं होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून केबिनमधली फाइल पुन्हा उपसली. पावतीवर तोच लांब शब्द आहे. एका कागदावर खाली एक नाव आणि पत्ता आहे, मला वाटलं होतं तो अधिकाऱ्याचाच असेल. दीड महिना मी तो जपून ठेवला आणि वाचला मात्र नाही.

कपात माझ्या स्लिपवर १२ तारखेला दिसली, म्हणजे तीन महिन्यांतले बरेच दिवस हातात आहेत. मेसेज मेलवर पाठवले. कंपनीला लेखी विचारणा आत्ताच केली.

श्टुटगार्टच्या दादांना एक विनंती. त्या पत्त्यावर फोन करून आदेश निघाला का, निघाला तर कोणत्या तारखेला पोचला, हे जर्मनमध्ये विचाराल का? मी लाइनवर राहीन. उद्या सकाळी दहाला सुट्टी संपते आणि गाडी निघते, त्याआधी कधीही.

प्रतिसाद, श्टुटगार्टहून

साडेआठला फोन करतो. कागदावरचा केस नंबर समोर ठेवा, पहिला तोच विचारतील. आणि त्या दोघांनाही शेजारी बसवा.