खताची पोती मोजून कार्यक्षमता कळत नाही

लहान भाजी उत्पादक खतं उधळतात, म्हणजे ते अकार्यक्षम, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. अर्थशास्त्रज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्येच कार्यक्षमतेच्या दोन बाजू वेगळ्या केल्या होत्या: आहे त्या निविष्ठांतून (बी, खत, पाणी, मजुरी) जास्तीत जास्त उत्पादन काढणं ही तांत्रिक कार्यक्षमता, आणि किमती पाहून कशावर किती खर्च करायचा, हे बरोबर ठरवणं ही दुसरी. पहिलीत कमी पडणारा दुसरीत चोख असू शकतो.

खताचंच घ्या. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण ओल्या जमिनीवर नुसता फेकला तर त्यातलं बरंच अमोनिया होऊन उडतं. उरलेल्याचं नायट्रेट झालं की जादा पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली जातं. कांद्यासारख्या उथळ मुळांच्या पिकात तर फारच. तेच खत मातीआड करून, हप्त्याहप्त्याने दिलं तर कमी मात्रेत भागतं. म्हणजे दोष पोत्यांच्या संख्येइतकाच वेळेचा आणि पद्धतीचा आहे.

आणि घरच्यांची मजुरी? ती हिशेबात धरलीच नाही, तर असे शेतकरी कागदावर उगाच कार्यक्षम दिसतात. मला ही चूक जास्त गंभीर वाटते, कारण त्यात बहुतेकदा बायकांचे कष्ट अदृश्य होतात.