रायझन ३६०० प्रोसेसर : बायोसच्या (संगणक सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) छुप्या मेनूत हात घालावा का?

प्रश्न: बी४५० मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० सीएल१६ रॅम (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला घेते ते घड्याळाचे ठोके), ८ जीबीच्या दोन स्टिक. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २४०० दिसतो. बायोसमधल्या 'एएमडी सीबीएस' या छुप्या मेनूमध्ये काय बदलू?

प्रतिसाद १: सीबीएस राहू द्या, आधी एक्सएमपी चालू करा (रॅमला तिचा छापील वेग देणारी तयार सेटिंग; काही बोर्डांवर डीओसीपी). खरा फरक तिथेच पडतो. मग एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचं घड्याळ) १६०० करा. रॅमचं ३२०० दुप्पट धरून सांगतात, घड्याळ १६००च. दोन्ही घड्याळांचं हे १:१ मोडलं की लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढते.

प्रतिसाद २: त्यानंतर टीआरएफसी (रॅम रिफ्रेश व्हायला लागणारे ठोके). ३२०० वर ऑटो बहुधा ५६० असतं, म्हणजे ३५० नॅनोसेकंद. २०-२० ने उतरा, दर पायरीला मेमटेस्ट८६चे (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चारही पास, म्हणजे फेऱ्या. एक जरी एरर आली तरी मागे फिरा. विंडोज सुरू झालं म्हणजे जमलं असं नाही, फायली गुपचूप खराब होतात. आणि गिअर डाउन मोड (रॅमला आदेश संथ घड्याळावर देणारी सेटिंग) चालू असताना सीएल१५ टाकणं फुकट, बोर्ड १६च घेतो.

प्रतिसाद ३: आधी सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. स्क्रीन काळीच राहिली तर पॉवर केबल काढून बोर्डवरच्या सीएमओएसच्या (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने १० सेकंद जोडा. एसओसी (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) व्होल्टेज १.१ पुरे, उगाच चढवू नका.