प्रति: गवत कापायचं मशीन पाच मिनिटांत बंद पडतंय

दादा, स्पार्क प्लग दोनदा बदलला तरी मशीन पाच-सात मिनिटांत गुदमरून बंद पडतं आणि अर्ध्या तासाने परत चालू होतं असं तुम्ही लिहिलंय, तर आधी एक करा, बंद पडलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा, सुस्स आवाज आला आणि मशीन परत नीट चालायला लागलं तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. आमच्या नेरुळच्या सोसायटीत अगदी हेच निघालं, आणि त्याआधी मेकॅनिकने कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलायला लावला होता, पैशाचं खूप वाईट वाटलं.

झाकण ठीक असेल तर अर्धा चोक (इंजिनात जाणारी हवा कमी करणारा खटका) ओढून चालवा. चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं म्हणजे बहुतेक कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते ओलावा ओढतं, त्यात आपल्याकडची खाडीची दमट हवा, त्यामुळे महिनोन्‌महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल काढूनच टाका आणि कार्बोरेटरखालची वाटी (बाउल) खोलून कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे, मारा. एअर फिल्टर पण बघा.

दोन्हीने फरक नाही पडला तर बंद पडल्या पडल्या स्पार्क तपासा, गरम असताना नाही आणि गार झाल्यावर येतो, तर प्लगला स्पार्क देणारी कॉइल गेली.

आणि प्लीज, माळीकाकांना सांगा, ब्लेडमधलं ओलं गवत काढताना आधी प्लगची वायर काढायची.