नाशिक ते बंगळुरू एका दमात जावं का? मुक्काम केलाच पाहिजे का?

पाथर्डीफाटा:
दिवाळीत बंगळुरूला भावाकडे जायचंय, नाशिकहून हजाराच्या वर किलोमीटर होतात. घरात दोन गट पडलेत म्हणून इथं मांडतो. माझं मत स्पष्ट आहे, एका दमात जायचं. पहाटे तीनला नाशिकचा द्वारका चौक सोडायचा आणि रात्रीचं जेवण भावाकडे, मधे एकदा डिझेल आणि एकदा जेवण, बस. नाशिक-पुणे रोड ज्याने रोज केलाय त्याला माहितीये, चाकणला सकाळच्या शिफ्टची गर्दी सुरू झाली की पुढचा सगळा हिशोब बोंबलतो. तीनला निघालं तर सहाच्या आसपास चाकण पार आणि पुढचा खंबाटकी घाट उजेडात. मुक्काम केला की हॉटेलचे पैसे जातात ते जाऊ द्या, पण सामान उतरवा, परत चढवा, सगळ्यांच्या अंघोळी, नाष्टा, निघायला दहा वाजतात. आणि दर दोन तासांनी थांबणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही, चहाला म्हणून उतरतात, पाऊण तास घालवतात आणि मग तो भरून काढायला गाडी हाणतात. त्यापेक्षा ऐंशी-नव्वद धरून चालत राहिलेलं जास्त सेफ. गाडी मी आणि मेव्हणा आलटून पालटून चालवू.

मखमलाबादकर:
शंभर टक्के सहमत. फक्त पहाटे निघायचं तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातला जेवून आठला झोपायचं, हे जमत असेल तरच. आम्ही असंच जातो. पोट हलकं ठेवायचं, टायरची हवा गाडी थंड असताना चेक करायची.

देवळालीवाला:
दादा, राग मानू नका पण तुमच्या टायमिंगमध्येच गडबड आहे. रात्री दोन ते सकाळी सहा ही वेळ शरीराला सगळ्यात जास्त झोप यायची, आणि तुमचा चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव सगळं नेमकं त्यातच येतंय. दुसरी पेंग दुपारी दोन ते चार, जेवण झाल्यावर, तेव्हा तुम्ही हुबळीच्या आसपास असाल. बाकी हिशोब तुम्हीच करा. तीनला निघायचं म्हणजे दोनला उठणार, सरासरी सत्तर पकडली तरी पंधरा तास नुसतं चाक फिरतंय, वर जेवण, डिझेल, टोल. म्हणजे नेलमंगलाच्या पुढे बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये शिराल तेव्हा उठून सतरा तास झालेले असतील. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली हेच मोजलं होतं, सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा आहे ०.०३. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण शिव्या घालतो, मग याला कौतुकाने "एका दमात आलो" कसं म्हणायचं? आणि डुलकी लागताना कळत नाही हो. नव्वदच्या स्पीडला सेकंदाला पंचवीस मीटर, चार सेकंद डोळा लागला की शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं.

मखमलाबादकर:
एवढा अभ्यास करून कोण गाडी चालवतं. कॉफी मारायची, काच खाली करायची, गाणी लावायची, झोप उडते.

देवळालीवाला:
काच आणि गाण्यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप तिथेच असते. कॉफी चालते पण ती अंगात भिनायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणून कॉफी प्यायची आणि लगेच गाडीतच सीट मागे करून पंधरा-वीस मिनिटं झोपायचं, उठेपर्यंत कॉफीचा असर सुरू झालेला असतो. पण त्यासाठी थांबावं लागतं ना, तेच तर म्हणतोय.

कॉलेजरोडची:
या सगळ्या चर्चेत मागच्या सीटवर कोण बसलंय ते कोणी विचारलंच नाही. "मधे एकदा डिझेल आणि एकदा जेवण" हे वाचलं आणि चिडच आली. पुरुषांना कुठेही गाडी बाजूला घेता येते, तो थांबा ते मोजतसुद्धा नाहीत. आम्ही काय करतो माहितीये? निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो. संगमनेर गेलं, नारायणगाव गेलं, विचारायची लाज वाटते कारण विचारलं की "आत्ताच तर निघालो" ऐकावं लागतं. आमच्या घरी असाच एक लांबचा प्रवास झाला आणि आल्यावर सासूबाईंना युरिन इन्फेक्शन, आठवडाभर ताप. तेव्हापासून नियम केलाय, दर दोन-अडीच तासांनी चांगला पेट्रोल पंप दिसला की गाडी आत, कोणाला जायचं असो नसो. मग कुणाला विचारावंच लागत नाही. पाथर्डीफाटा दादा, तुमच्यासोबत कोण कोण आहे?

पाथर्डीफाटा:
मी, बायको, मुलगी, मेव्हणा आणि आई. आई ६८ वर्षांची आहे. ताईंचा मुद्दा मान्य, थांबे वाढवतो, आईसाठी तरी. पण मुक्कामाचं मला अजून पटत नाही. आपल्याकडची ट्रकवाली मंडळी लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टमाटा घेऊन साऊथला सलग जातातच ना? दोन ड्रायव्हर असले की गाडी थांबवायची गरज काय?

कॉलेजरोडची:
आईंसाठी अजून एक सांगते. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला तर पायाच्या नसांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो, जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलंय. एरवी तो धोका फार कमी असतो, पण वय झालेल्या माणसाला दर थांब्याला खाली उतरवून चार पावलं चालवाच. गाडीत बसून चहा हातात देऊ नका.

आडगावचा गाडीवाला:
ट्रकचा विषय निघाला म्हणून लिहितो, वडिलांपासून ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. भाऊ, ट्रकमध्ये दोन ड्रायव्हर असतात तेव्हा एक चालवतो आणि दुसरा मागच्या फळीवर आडवा होऊन झोपतो. खरोखर झोपतो. तुमच्या कारमध्ये मेव्हणा शेजारी बसून गप्पा मारणार, रस्ता बघणार, दुपारी तुम्ही थकून त्याच्या हातात गाडी द्याल तेव्हा तोपण तुमच्याइतकाच थकलेला असणार. याला डबल ड्रायव्हर म्हणत नाहीत. आणि कायदा आम्हालापण आहे, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिली होती. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही, माल मंडईत पहाटे लागला नाही तर भाव पडतो, म्हणून पोरं डोळे ताणून चालवतात, त्यांना पोटासाठी ते करावं लागतं. तुमच्या डिक्कीत फराळाचे डबे आहेत, ते एक दिवस उशिरा पोचले तर कोणाचं काय जाणार आहे?

सिन्नरकर:
रस्ता चांगला झाला की माणूस कमी थांबतो हेपण आहे. समृद्धी महामार्ग बघा, ७०१ किमी, ५ जून २०२५ ला पूर्ण उघडला, आपल्या इगतपुरीहून चढलं की नागपूरपर्यंत सरळ. कारला १२० ची परवानगी. ना गाव, ना सिग्नल, ना वळण, डोळे उघडे असतात आणि डोकं बंद होतं. मागचे दहा किलोमीटर कसे गेले आठवत नाही. मला तर घाटात झोप येत नाही, सरळ रस्त्यावर येते.

पाथर्डीफाटा:
मेव्हण्याला मागे झोपवायचं तर आई, बायको, मुलगी बसणार कुठे? ठीक आहे, मुक्काम केला तर तुम्ही कुठे कराल ते तरी सांगा. चाकणचं काय करायचं?

आडगावचा गाडीवाला:
रात्री पोटभर झोपा, सकाळी दहा-साडेदहाला निघा. आळेफाट्याला जेवा, दोन-अडीचच्या दरम्यान चाकण काढा, संध्याकाळच्या गर्दीच्या आधी. कराड-कोल्हापूरकडे रात्रीचा मुक्काम, सातारा-कागल पट्ट्यात रुंदीकरणाचं काम बघून वेळ हातात ठेवा. दुसऱ्या दिवशी सहाला निघालात की बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग सगळं उजेडात.

मखमलाबादकर:
यात दोन दिवस गेले. सुट्टीच चार दिवसांची असते हो आम्हा नोकरदारांना.

आडगावचा गाडीवाला:
मग रेल्वेने जा, विमानाने जा. चार दिवसांत गाडीने बंगळुरू हे गणितच बसत नाही. आणि खरी भीती मला येतानाची वाटते. तिकडून पहाटे निघून रात्री परत पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सगळा उतार आहे, ब्रेक फेल झालेले ट्रक तिथे किती वेळा घुसलेत ते पेपरात वाचतोच आपण. तिथे थकलेला माणूस नको. येतानासुद्धा मुक्काम करा, आणि तो उतार गिअरमध्येच उतरा, मधल्या लेनला अवजड गाडीच्या पुढे रेंगाळू नका.