दिवाळीला पंखा, रंगपंचमीला गारा: माळव्यातले ऋतू खरंच सरकलेत का, आणि घरच्या नोंदीवरून ते कसं ठरवायचं?

गच्ची_सुदामानगर (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना हवामानाची नोंदवही सुरू करून द्यायची आहे. रोज पाऊस, कमाल आणि किमान तापमान लिहायचं, आणि काही वर्षांनी त्यावरून बोलायचं, असा बेत आहे. घराघरातून एकच वाक्य ऐकू येतं: पूर्वी दिवाळीला स्वेटर लागायचे, आता पंखा लागतो, आणि मार्चमध्ये ऊन तापायचं तर मावठा (हिवाळ्यातला अवकाळी पाऊस) येऊन गारा पडतात.

पाऊस कशात मोजावा? बाटली कापून ठेवली की तिचा आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळत नाही. थर्मामीटर गच्चीवर लावला तर दुपारी ४७ दाखवतो, मोबाइलवर तेव्हा ४० असतं. मावठा येणार हे दोन दिवस आधी कशावरून ओळखावं? आणि मुख्य म्हणजे, ऋतू सरकला असं म्हणायला किती वर्षांची नोंद लागते? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

पर्जन्यमापक

आधी पाऊस, कारण तो घरी उत्तम मोजता येतो.

कापलेल्या बाटलीची अडचण तिच्या तळात असते. तळ सपाट नसतो, अंग वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं नसतं, त्यामुळे आत पट्टी बुडवून घेतलेली उंची म्हणजे पाऊस नव्हे. त्याऐवजी नरसाळं आणि पाच लिटरचा कॅन घ्या. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास नेमका १६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ २०१ चौ.सेंमी होतं, म्हणजे २० मिली पाणी = १ मिमी पाऊस. ११.३ सेंमीचं मिळालं तर क्षेत्रफळ १०० चौ.सेंमी, तेव्हा १० मिली = १ मिमी. कॅनमधलं पाणी मेजरिंग सिलिंडरने मोजायचं, थोडं असेल तर औषधाच्या सिरिंजने. व्यास मोजताना काठाची जाडी धरू नका. १६ च्या जागी साडेपंधरा धरलंत तर आकडा सहा टक्के चुकतो, आणि ती चूक रोज त्याच दिशेने होत राहते.

पाच लिटरचाच कॅन का? १५० मिमीच्या पावसात हे नरसाळं तीन लिटर पाणी देतं. लहान बाटली रात्रीच भरून वाहते आणि नेमका सगळ्यात मोठ्या पावसाचा आकडा हातचा जातो. कॅनचं तोंड अरुंद हवं, नाहीतर श्रावणातल्या उन्हात पाणी उडतं. नरसाळ्याला आत किमान १० सेंमी उभी भिंत हवी. पसरट नरसाळ्यातून थेंब उसळून बाहेर जातात. तशी भिंत नसेल तर त्याच व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा वर चिकटवा, आणि व्यास मग त्या पाइपाचा मोजा.

काठ जमिनीपासून ३० सेंमी उंच ठेवा. झाड, भिंत, टाकी यांपासूनचं अंतर त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट. गच्ची ही खरं तर दुय्यम जागा आहे: कठड्यावरून उठणारा वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. अंगण किंवा शाळेचं मैदान मिळालं तर तिथेच ठेवा.

वेळ सकाळी ८:३०, रोज. हवामान खात्याचा पावसाचा दिवस ८:३० ते ८:३० असा असतो आणि आकडा मोजला त्या तारखेला लागतो. १० जुलैला सकाळी मोजलेला पाऊस बहुतेक ९ जुलैला पडलेला असतो, तरी तो १० च्या खाली लिहायचा. पेपरशी न जुळण्याचं अर्धं कारण हेच. उरलेलं कारण म्हणजे पेपर इंचात लिहितात (१ इंच = २५.४ मिमी), आणि शहराचा म्हणून छापलेला आकडा बहुधा विमानतळावरचा असतो. जुलैच्या गडगडाटी सरीत विमानतळ कोरडा आणि शहरातल्या पलासिया भागात दोन इंच, हे अगदी शक्य आहे. तुमचा आकडा तुमच्या जागेचा आहे, तो पेपरशी जुळवत बसू नका.

२.५ मिमी किंवा जास्त पडला तरच खातं त्याला पावसाचा दिवस म्हणतं. ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. हे शब्द मुलांनी याच अर्थाने वापरावेत.

उत्तरमुखी

आता ४७ चं कोडं. तुमचा थर्मामीटर हवेचं तापमान मोजत नाही, तो स्वतःचं आणि तापलेल्या स्लॅबचं मोजतो. वेधशाळेत तो पांढऱ्या, दुहेरी झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत जात नाही.

घरी असं करता येतं: कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा बश्या घ्या. वरची अखंड ठेवा, बाकी पाचांना मधोमध सेन्सर मावेल एवढं भोक पाडा. तिन्ही बाजूंना आटे असलेल्या सळया घालून पाइपाच्या तुकड्यांनी बश्यांमध्ये दीड-दोन सेंमी फट ठेवा. बश्या पालथ्या लावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. सेन्सर मधोमध लोंबता ठेवा, कशालाही टेकू देऊ नका. खाली माती किंवा गवत असावं, फरशी नको. एसीचं बाहेरचं यंत्र जवळ असेल तर सगळी मेहनत वाया.

लावण्याआधी तपासणी करा. स्टीलच्या ग्लासात बारीक कुटलेला बर्फ गच्च भरा, थोडं स्वच्छ पाणी घाला, सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत सोडा आणि ढवळत राहा. दहा मिनिटांनी शून्य दिसायला हवं. ०.८ दिसलं तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून तेवढं वजा करा. उकळत्या पाण्याने तपासू नका: इंदूर सुमारे ५५० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

मोबाइलवरचा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतो, गणिती प्रारूपाने काही किलोमीटरच्या चौकटीसाठी काढलेला असतो. तो तुमच्या वहीची कसोटी होऊ शकत नाही.

पंचांग_आणि_पारा

ऋतू सरकल्याच्या प्रश्नात एक मोठा घोळ आपल्या सणांमुळे होतो, त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

लक्ष्मीपूजन २०१७ मध्ये १९ ऑक्टोबरला होतं, २०२० मध्ये १४ नोव्हेंबरला. सव्वीस दिवसांचा फरक. इंदुरात या मधल्या काळात रात्रीचं तापमान चार-पाच अंश उतरतं. म्हणजे हवामान तिळमात्र बदललं नसतं तरी एका दिवाळीला पंखा आणि दुसऱ्या दिवाळीला शाल लागलीच असती. रंगपंचमीचंही तेच. २०१८ ची गेर (इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक) ६ मार्चला निघाली, २०२४ ची ३० मार्चला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं असल्याने सण दरवर्षी मागे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. तेव्हा तुलना सणाची नको, तारखेची करा. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरचं सरासरी किमान तापमान, दरवर्षी तेवढंच.

नक्षत्रांबद्दलही सांगतो, कारण मृगाचा पाऊस चुकला की पंचांगाला दोष दिला जातो. आपली सूर्यनक्षत्रं निरयन आहेत, म्हणजे सूर्य कोणत्या ताऱ्यांपाशी आहे त्यावरून धरलेली. अयनचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथ फिरतो त्यामुळे) ती ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे जातात. हजार वर्षांत हा फरक चौदा दिवसांचा होतो, आजोबा ते नातू एवढ्या काळात मात्र जेमतेम एकाचा. मृग ७-८ जूनला लागूनही पाऊस २० जूनला आला तर त्याचं कारण आकाशातल्या नक्षत्रात नाही, समुद्रावरच्या वाऱ्यात शोधायला हवं.

मग खरंच काय बदललंय? जे अधिकृतपणे बदललं ते असं: हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. केरळातलं आगमन १ जूनच राहिलं, पण वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. माळव्याला हे थेट लागू पडतं. उष्णतेचंही तसंच: देशाच्या सरासरी कमाल तापमानात २०२२ चा मार्च आणि २०२३ चा फेब्रुवारी हे १९०१ पासूनचे सगळ्यात तापलेले मार्च आणि फेब्रुवारी ठरले.

सरासरीसाठी जगभर तीस वर्षांचा काळ धरतात, सध्या १९९१ ते २०२०. तुमच्या वहीला तेवढं थांबायची गरज नाही. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून नकाशावर पाडलेल्या चौकटींचा पाऊस १९०१ पासून आणि तापमान १९५१ पासून मोफत मिळतं. इंदूरची चौकट काढा, त्यात सात दिवसांचं सरासरी किमान १५ अंशांखाली पहिल्यांदा कधी गेलं ती तारीख दरवर्षासाठी लिहा आणि आलेख काढा. मुलांना स्वतःच्या वहीचा अर्थ त्या आलेखाशेजारी ठेवल्यावर कळेल.

जुन्या नोंदीची ताकद पाहायची तर जपानकडे बघा. क्योटोत चेरी पूर्ण बहरल्याच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या दरबारी रोजनिशांत सापडतात. २०२१ मध्ये तो दिवस २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा. इंग्लंडच्या मध्यभागाची मासिक तापमानं १६५९ पासून आहेत. एका वर्षाच्या गारपिटीवरून ऋतू सरकला असं म्हणू नये, ते या लांबीच्या नोंदींकडे पाहिलं की पटतं.

काळीमाती_देपालपूर

मावठ्याचं मी सांगतो, शेताच्या बाजूने.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी विक्षोभ (कमी दाबाच्या लाटा) येतात, वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्याबरोबर. महिन्याला चार-सहा. बहुतेक काश्मीर-हिमाचलवरून निघून जातात. एखादा दक्षिणेकडे झुकला, राजस्थानवर चक्रीय वारे तयार झाले आणि अरबी समुद्राचं बाष्प आत ओढलं गेलं की माळव्यात मावठा पडतो.

ओळखायचं असं. उत्तरेचा कोरडा वारा थांबून आग्नेय किंवा पूर्वेचा लागतो. पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग येतात, मग आकाशावर दुधी पडदा चढतो. पहाटेचं किमान तापमान एका रात्रीत तीन-चार अंश वर जातं, कारण ढग आणि ओल रात्री उष्णता निसटू देत नाहीत. लोक म्हणतात थंडी गेली. पाऊस पडून आकाश उघडलं की उत्तरेचा वारा परततो, पहिल्या सकाळी धुकं, आणि पारा पुन्हा धाडकन खाली. म्हणून मुलांच्या वहीत वाऱ्याची दिशा आणि ढगांचा प्रकार हे दोन रकाने घालाच, नुसत्या तापमानावरून यातलं काही दिसणार नाही.

गारा फेब्रुवारी-मार्चमध्येच का? जमीन दुपारी तापलेली असते आणि वर विक्षोभाची थंड हवा. शून्य अंशाची पातळी तेव्हा साडेतीन-चार किलोमीटरपर्यंत खाली येते. पावसाळ्यात तीच पाचाच्या वर असते, त्यामुळे ढगात बनलेली गार खाली येईतो वितळते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रात आणि इकडेही अशीच गारपीट झाली होती. नोंदीसाठी थर्मोकोलच्या फळीवर अॅल्युमिनियम फॉइल ताणून उघड्यावर ठेवा. गारांनी फॉइलवर उठलेल्या वळांचा व्यास आणि संख्या मोजता येते. गारेचा फोटो काढताना बाजूला नाणं ठेवा.

वाऱ्याचा इशारा असेल तर दाणे भरत असलेल्या गव्हाला पाणी देऊ नका, ओल्या काळ्या मातीत मुळं सैल होऊन गहू आडवा होतो. हरभऱ्याची फुलं मावठ्याने गळतात, आणि ढगाळ राहिलं तर घाटे अळीकडे लक्ष ठेवा.

परतीच्या पावसाबद्दल वर लिहिलंय ते सोयाबीनवाल्यांना रोज भोगावं लागतं. ९५६० ही सोयाबीनची जात ८५ दिवसांच्या आसपास येते. जूनमध्ये पेरलेली सप्टेंबरच्या मध्यात पिकते आणि त्याच वेळी पाऊस रेंगाळतो, शेंगेतच दाणे उगवतात. पेरणीची घाईही नको: निदान १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, ही शिफारस पाळा. गावातलं नरसाळं आणि कॅन इथेच कामाला येतो.

दक्षिणवारा

जगात एका दिवसात ऋतू पालटण्याची उदाहरणं मुलांना आवडतील. मेलबर्नला उत्तरेच्या वाळवंटाचा वारा तापवत असतो, दक्षिण महासागराकडून थंड आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड) येते आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतो. अमेरिकेत स्पिअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ च्या सकाळी डोंगरावरून उतरलेल्या उबदार वाऱ्याने दोन मिनिटांत उणे २० चं ७ केलं. हे समशीतोष्ण पट्ट्याचे खेळ. आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, इथे ऋतू ढग ठरवतात: जूनमध्ये सूर्य डोक्यावर असूनही तापतो तो मे.

एल निनोवर (पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्यावर) सगळं ढकलू नका. २००९ मध्ये एल निनो होता आणि मान्सून सरासरीच्या ७८ टक्क्यांवर अडकला. १९९७ मध्ये एल निनो त्याहून जोरदार होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा तापलेला होता.

गच्ची_सुदामानगर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेच्या मैदानाचा कोपरा मिळतोय, पण बारा फुटांवर सहा फुटी कुंपणभिंत आहे. चालेल? आणि सुटीत कुणी मोजायला नसेल तर काय लिहायचं?

पर्जन्यमापक

सहा फुटी भिंतीला बारा फूट म्हणजे बरोबर दुप्पट, चालेल. भिंतीलगत झाड असेल तर मात्र अंतर झाडाच्या उंचीवरून धरा.

न मोजलेल्या दिवशी शून्य लिहू नका, फुली मारा. शून्य म्हणजे कुणीतरी ८:३० ला पाहिलं आणि कॅन कोरडा होता. चार थेंब पडले पण मोजण्याइतकं पाणी नाही, तर 'नाममात्र' लिहा. सुटीनंतर कॅनमध्ये तीन दिवसांचं पाणी साठलेलं मिळालं तर आधीच्या दोन दिवसांना फुली, सगळा आकडा तिसऱ्या तारखेला, आणि बाजूला '३ दिवसांचा'. हंगामाच्या बेरजेत तो घ्या, 'एका दिवसातला सर्वाधिक पाऊस' काढताना वगळा. बेरीज १ जून ते ३० सप्टेंबर ठेवा. मावठा आणि परतीचा ऑक्टोबरचा पाऊस वेगळ्या पानावर.